टू-स्ट्रोक गाडी किकला येत नाही? इंजिन खोलण्याआधी या क्रमाने तपासा

सकाळी दूध घालायला निघायचं आणि नेमकी तेव्हाच गाडी किकला येत नाही. वीस-पंचवीस किक मारून झाल्या की शेजारी उभा असलेला कुणीतरी म्हणतो, "इंजिन गेलं, बोअर करावा लागेल." गाडी टेम्पोत घालून तालुक्याला जाते आणि काही हजारांचं बिल होतं. नंतर कळतं की दोष शे-दीडशे रुपयांच्या प्लगचा किंवा कार्बोरेटरमधल्या कचऱ्याचा होता. याच्या उलटही घडतं. गाडी धोक्याची खूण दाखवत असते, तरी 'चालतेय ना' म्हणून चालवली जाते आणि भर रस्त्यात पिस्टन जाम होतो.

१९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली यामाहा आरएक्स १००, राजदूत, जुनी चेतक, टीव्हीएस एक्सएल सुपर या टू-स्ट्रोक गाड्या गावोगावी अजून पळतात. फवारणीचा पेट्रोल पंप आणि गवत कापायचं मशीन यांतही बहुतेक वेळा हेच छोटं टू-स्ट्रोक इंजिन असतं. त्यामुळे इथली बरीचशी माहिती त्यांनाही लागू पडते.

हे इंजिन वेगळं कसं?

फोर-स्ट्रोक गाडीत इंजिन ऑइल खाली साठलेलं असतं आणि तेच आतल्या भागांवर फिरत राहतं. टू-स्ट्रोकमध्ये तसं नसतं. इथे पेट्रोल, हवा आणि टू-टी ऑइल यांचं मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँकच्या खोलीत येतं, तिथल्या बेअरिंगना ओलं करतं आणि मग वर जाऊन जळतं. म्हणजे पेट्रोलसोबत येणारं ऑइल हेच या इंजिनाचं वंगण. गिअरबॉक्समधलं ऑइल वेगळं, ते पिस्टनच्या उपयोगाचं नाही.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी पडतं. आणि क्रँकची खोली हवाबंद नसेल तर इंजिन नीट चालत नाही. टू-स्ट्रोकचे बरेचसे मोठे बिघाड या दोन गोष्टींतून सुरू होतात.

आधी फुकटातल्या गोष्टी

पेट्रोलचा कॉक चालू आहे का, रिझर्व्हला लावून बघितलं का, बंद करायचं बटण चुकून दाबलं गेलंय का, हे आधी बघा. गाडी थोडी पळून बंद पडत असेल, थांबून पुन्हा चालू होत असेल, तर टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला, तर झाकणाचं बारीक छिद्र मातीने बुजलेलं आहे. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. छिद्र साफ केलं की काम झालं.

पहिली तपासणी : करंट

प्लग काढा, कॅपमध्ये घाला आणि प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या पात्यांना नीट टेकवा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून किल्ली चालू करा आणि किक मारा. टोकाला निळी, जोरकस ठिणगी दिसली पाहिजे. ठिणगी पिवळट, बारीक किंवा अधूनमधून येत असेल, तर आधी नवा प्लग लावून बघा. मग कॅप आणि वायर तपासा. पॉइंटवाल्या जुन्या गाडीत पॉइंट साफ करून त्यांची फट बघा. कॉइल किंवा सीडीआय बदलायचा विचार शेवटी करायचा.

हे करताना प्लग त्याच्या मूळ छिद्रापासून लांब धरा. त्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते आणि ठिणगीने ती पेटू शकते. सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या. जवळपास कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला लांब पाठवा.

गाडी थंड असताना चालते, गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते, अशी तक्रार असेल तर गाडी बंद पडल्याबरोबर तिथेच करंट तपासा. तेव्हा ठिणगी नसेल आणि थंड झाल्यावर येत असेल, तर कॉइल किंवा मॅग्नेटच्या भागात दोष असण्याची शक्यता जास्त. गॅरेजमध्ये थंड गाडी तपासली तर हा दोष सापडत नाही.

दुसरी तपासणी : पेट्रोल

भरपूर किक मारूनही प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल वर पोचत नाही. ओला चिंब निघाला तर ते जास्त होतंय, किंवा करंट नसल्यामुळे जळत नाही.

प्लग कोरडा असेल तर कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढा, खाली बाटली धरा आणि कॉक उघडा. सलग धार लागली पाहिजे. ठिबकत असेल तर कॉकची जाळी तुंबली आहे. धार चांगली असेल तर दोष कार्बोरेटरच्या आत. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि जेटचं बारीक छिद्र बंद होतं. जेट हवेच्या दाबाने साफ करा. त्यात तार घालू नका, छिद्र मोठं झालं की पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं. पेट्रोल सतत वाहत असेल तर फ्लोटची सुई अडकली आहे किंवा झिजली आहे.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या टाकीत पाणी शिरलं तर ते इथेनॉलसोबत तळाला वेगळं साठतं. या थरात ऑइल जवळपास नसतं, म्हणून त्यावर इंजिन चालवणं धोक्याचं आहे. तपासायची सोपी रीत म्हणजे टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून थोडा वेळ स्थिर ठेवणं. तळाशी वेगळा थर दिसला तर ते सगळं पेट्रोल बाजूला काढा, टाकी धुऊन ताजं भरा.

तिसरी तपासणी : कॉम्प्रेशन

प्लग काढून, करंट बंद ठेवून छिद्रावर अंगठा घट्ट दाबा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. अंगठा जोराने उचलला गेला पाहिजे. नुसती झुळूक लागली, किंवा किक हातानेही सहज खाली जात असेल, तर कॉम्प्रेशन उतरलं आहे. प्लगच्या छिद्रातून टू-टी ऑइलचे चार-पाच थेंब टाकून पुन्हा बघा. दाब वाढला तर रिंग आणि बोअर झिजल्याचा संशय घ्या. वाढला नाही तर हेडचं पॅकिंग बघा.

'बोअर करावा लागेल' असं कुणी म्हटलं तर टू-स्ट्रोकमध्ये हेड न खोलताही थोडी खात्री करता येते. थंड गाडीचा सायलेन्सर सोडवा आणि सिलिंडरच्या तोंडातून बॅटरीच्या उजेडात आत बघा. किक हळू दाबली की पिस्टन आणि रिंग समोर येतात. पिस्टनवर उभे खोल ओरखडे असतील तर काम खरंच मोठं आहे. अंग गुळगुळीत असेल आणि अंगठ्याला दाबही चांगला लागत असेल, तर आधी इतर दोष शोधायला सांगा.

याच वेळी सिलिंडरच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या आत कार्बन किती जमलाय तेही दिसतं. गाडी चालू होते पण पिकअप घेत नाही, चढाला दम टाकते, असं असेल तर पुष्कळदा सायलेन्सरच तुंबलेला असतो. ऑइलने माखलेला एअर फिल्टरही हाच त्रास देतो. पण फिल्टर काढून टाकून गाडी कधीच चालवू नका. कच्च्या रस्त्याची धूळ आत गेली की रिंग आणि बोअर झपाट्याने झिजतात.

प्लगचा रंग वाचा

गाडी दोन-तीन किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवा, क्लच दाबून किल्ली बंद करा आणि थांबल्यावर प्लग काढा. प्लग गरम असतो, हात सांभाळा.

- कॉफीसारखा तपकिरी : सगळं ठीक.
- काळा आणि ओलसर : पेट्रोल किंवा ऑइल जास्त, चोक अडकलेला, फिल्टर तुंबलेला किंवा करंट कमजोर.
- पांढरा, करपलेला : पेट्रोल कमी, हवा जास्त. इंजिन प्रमाणाबाहेर तापतंय.
- चकाकणारे धातूचे कण : पिस्टन वितळू लागला आहे. गाडी तिथेच थांबवा.

या खुणा दिसल्या तर गाडी चालवू नका

क्रँकच्या दोन्ही बाजूंना रबरी ऑइल सील असतात. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. मेकॅनिकच्या भाषेत, 'इंजिन एअर घेतंय'. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, कधी आपोआप वाढते आणि प्लग पांढरा पडतो. केबल अडकलेली नाही याची खात्री करा. केबल मोकळी असेल तर सील आणि कार्बोरेटरजवळचं रबर तपासून घ्या. अशी गाडी चालू राहते, उलट जास्त पळाल्यासारखी वाटते, म्हणूनच लोक फसतात. आत मात्र पेट्रोल आणि वंगण दोन्ही कमी पडत असतं.

क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढून जळतं. दाट पांढरा धूर निघतो, त्याला जळक्या ऑइलचा वास येतो आणि गिअर ऑइलची पातळी घटत जाते. थंड गाडीने सुरुवातीला थोडा धूर मारणं साधं आहे, गरम झाल्यावरही धुराचे लोट थांबत नसतील तर ते साधं नाही.

चालत्या गाडीचा आवाज अचानक बदलला, कुणी मागून धरल्यासारखी ओढ कमी झाली, तर क्षणात क्लच दाबा आणि कडेला घ्या. पिस्टन जाम होत असल्याची ती खूण आहे. चाक अडकून गाडी आडवी होऊ शकते. थंड झाल्यावर किक फिरली तरी तशीच गाडी पळवू नका, आधी पिस्टन बघून घ्या.

ऑइलचा हिशेब

५० ला १ प्रमाण म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली, तर २५ ला १ म्हणजे ४० मिली ऑइल. आपल्या गाडीला किंवा पंपाला कोणतं प्रमाण हवं ते तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, अंदाजाने ओतू नका. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित असंही नाही. कार्बन वाढतो, प्लग मारला जातो आणि तेवढी पेट्रोलची जागा ऑइल घेतं. आरएक्स १०० सारख्या गाडीत ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. ती टाकी एकदा कोरडी पडली असेल तर पंपात हवा अडकते, म्हणून ती काढून घेतल्याशिवाय गाडी पळवू नये.

लांबलचक घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला तर पेट्रोलसोबत ऑइलही आत जाणं जवळपास थांबतं. म्हणून मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या.

गाडी गॅरेजला न्यावीच लागली, तर नुसतं 'बंद पडते' असं सांगू नका. थंड असताना की गरम झाल्यावर, प्लग ओला की कोरडा, करंट होता की नव्हता, रेस खाली येते की नाही, एवढं सांगा. मेकॅनिकचा वेळ वाचतो आणि गरज नसताना इंजिन खोललं जात नाही.