नकली चामडे आणि जकातीचे कोष्टक

बाजारात ज्यास सरसकट ‘रेक्झीन’ म्हणतात ते मुळात इंग्लंडातील एका मालाचे व्यापारी नाव होय. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन चामड्याचा भास निर्माण करण्याची ती युक्ती होती. पुढे लेपाचे द्रव्य पालटले, पी.व्ही.सी. आणि पॉलियुरेथेन ही प्लास्टिके प्रचारात आली. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. चपला, पाकिटे, मोटारींच्या बैठका यांसाठी लागणारा हा माल परदेशातून न्हावा शेवा बंदरात उतरतो, तेव्हा मात्र या नावाचा काडीइतकाही उपयोग होत नाही.

याचे कारण असे की, ‘चामड्यासारखे दिसणारे’ असे स्वतंत्र शीर्षकच जकातीच्या कोष्टकात नाही. भारताचे कोष्टक १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमास जोडलेले असून त्याची मांडणी १ जानेवारी १९८८ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ला अनुसरून आहे. या पद्धतीत वस्तू कशी दिसते यापेक्षा ती कशाची व कशी बनली आहे, यास महत्त्व असते.

यास्तव पहिला प्रश्न पायाचा. चामड्याचे तंतू एकत्र करून त्यांचे ताव बनविले असतील, तर ते ४११५ या शीर्षकाखाली येतात. तंतू न विणता नुसते एकमेकांस जखडून केलेल्या, म्हणजे ‘नॉनवोव्हन’ कापडावर लेप असेल, तर सामान्यतः ५६०३. विणलेल्या कापडावर रबराचा लेप असेल, तर ५९०६. आणि प्लास्टिकचा असेल, तर ५९०३. या शेवटच्या शीर्षकाचे पुन्हा तीन पोटभाग आहेत: पी.व्ही.सी., पॉलियुरेथेन आणि इतर.

तथापि एवढ्याने निर्णय होत नाही. एकोणसाठाव्या अध्यायाच्या टीपेत काही अपवाद सांगितले आहेत. लेप नुसत्या डोळ्यांना दिसला पाहिजे. केवळ रंग बदललेला दिसणे पुरेसे नाही. १५ ते ३० अंश सेल्सिअस तपमानात ७ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याभोवती हाताने वाकविताना जो माल मोडतो, तो ५९०३ मध्ये बसत नाही. कापड प्लास्टिकमध्ये पूर्णपणे बुडालेले असेल, किंवा दोन्ही अंगांनी संपूर्ण झाकले गेले असेल आणि तो लेप डोळ्यांना दिसत असेल, तर तो माल प्लास्टिकच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात जातो.

सर्वांत अधिक वाद होतो तो फेसाळ, म्हणजे आत सूक्ष्म पोकळ्या असलेल्या प्लास्टिकविषयी. अशा थरास मागून लावलेले कापड केवळ बळकटीसाठी असेल, तर ती वस्तू प्लास्टिकच समजली जाते आणि ३९२१ खाली येते. कापड केवळ बळकटीसाठी आहे की नाही, हे कसे ओळखावे? हार्मोनाइज्ड सिस्टिमच्या अधिकृत स्पष्टीकरणानुसार एकाच अंगास लावलेले, नक्षी नसलेले, कोरे, विरंजित किंवा एकरंगी कापड हे केवळ बळकटीसाठी मानले जाते. तेच कापड छापील असेल, घासून त्यावर लव उठविलेली असेल किंवा ते मखमलीसारखे असेल, तर त्याचे कार्य अधिक मानले जाते आणि माल पुन्हा कापडाच्या अध्यायात येतो. ग्राहक मालाचे तोंड पाहतो. जकात अधिकाऱ्यास त्याची पाठ पाहावी लागते. दुकानात एकसारख्या भासणाऱ्या दोन गुंडाळ्या केवळ पाठीच्या लवेमुळे दोन निराळ्या अध्यायांत पडू शकतात.

हा शब्दच्छल नव्हे. निरनिराळ्या शीर्षकांचे दर नेहमीच समान असतील असे नाही, आणि ते वेळोवेळी बदलतातही. शिवाय २०११ पासून आकारणी प्रथम आयातदारानेच करावयाची असते. पाकिटे शिवणाऱ्या एखाद्या लहान कारखानदाराने परदेशी विक्रेत्याच्या बिलावरील आकडा डोळे मिटून उतरविला आणि तो चुकीचा ठरला, तर फरकाची रक्कम, तिच्यावरील व्याज आणि प्रसंगी दंड त्याच्याच माथी येतो. नमुना प्रयोगशाळेत जाऊन वाद लांबला, तर माल अडकून पडण्याचे आणि गोदामभाड्याचे ओझे निराळेच.

म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वीच नमुना मागवून घेणे शहाणपणाचे. पाया कोणता, लेप कशाचा, तो भरीव की फेसाळ आणि पाठीचे कापड साधे की लवदार, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे विक्रेत्याकडून घ्यावीत. तरीही शंका उरली, तर आयातीपूर्वीच अग्रिम निर्णय मागण्याची सोय कायद्यात आहे. माल धक्क्यावर येऊन पडल्यावर वाद घालण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही स्वस्त पडतो.