वजाबाकीची झळाळी

रबिंग-पॉलिश होऊन आलेल्या मोटारीच्या बॉनेटवर समोरच्या इमारतीची खिडकी न् खिडकी उमटलेली पाहून मालकास वाटते की, कारागिराने तिच्या अंगावर काही तेजस्वी द्रव्य चढविले असावे. वास्तविक बफर मशीनने तेथे चढविले काहीच नसून, होते त्यातलेच थोडे उतरवून नेलेले असते.

आधुनिक मोटारीवरील रंगाचे सगळे थर मिळून साधारणतः 100 ते 150 मायक्रॉन भरतात आणि त्यांतील सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट बहुधा 40-50 मायक्रॉनांचाच असतो. रोज सकाळी धुळकट फडक्याने गाडी पुसण्याचा आपल्याकडे जो परिपाठ आहे, त्यापायी या थरावर असंख्य सूक्ष्म ओरखडे पडतात, त्यांच्या कडांवर प्रकाश विखुरतो आणि उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळाकार रेषांचे जाळे दिसू लागते. ओरखडा बुजविता येत नाही. सबब त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत भोवतालचा पृष्ठभागच खाली आणणे एवढाच इलाज उरतो, आणि हे काम पॉलिशिंग कंपाउंडमधील अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे बारीक कण लोकरीच्या वा फोमच्या पॅडखाली करतात.

पॅड फिरविणारे हे बफर यंत्र मुख्यत्वे दोन जातींचे. रोटरी बफर एकाच अक्षावर फिरतो, झपाट्याने कापतो; परंतु क्षणभर एका जागी रेंगाळला तर उष्णतेने रंग जाळतो, आणि अननुभवी हाती पडल्यास उन्हात लाटांसारखे चट्टे मागे ठेवतो. दुसऱ्या, म्हणजे ड्युअल अॅक्शन यंत्राचे पॅड स्वतःभोवती फिरता फिरता केंद्राबाहेरील कक्षेतही भ्रमण करते; इटलीच्या रुपेस कंपनीच्या काही यंत्रांत ही कक्षा 15 किंवा 21 मिलिमीटरची असते. या दुहेरी गतीमुळे उष्णता कमी साचते.

खरे कसब मशीन सुरू होण्यापूर्वी दिसते. गाडी धुऊन, चिकटलेले कण क्लेच्या (मळलेल्या मातीसारख्या) वडीने काढून, रबराच्या पट्ट्या व पत्र्याच्या कडा टेपने झाकण्याचा बंदोबस्त कारागीर आधी करतो, कारण कडेवर थर पातळ असतो. मग पॅडवर कंपाउंडचे चार ठिपके, मंद गतीने फासणे, आणि हातभर चौरसात आधी आडवे, नंतर उभे असे फेर, प्रत्येक फेर मागच्यावर निम्मा चढलेला. शेवटी अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने तो तेवढा भाग पुसून तिरपी टॉर्च धरतो. कारण कंपाउंडमधील तेल ओरखडे झाकते आणि खोटी चमक दाखविते.

नखाला अडकणारा ओरखडा मात्र जाणता कारागीर तसाच राहू देतो. तो काढण्याच्या हट्टापायी क्लिअर कोट खर्ची पडला, तर पुढचा मार्ग थेट पेंटिंगकडेच जातो. म्हणून मायक्रॉनांची शिल्लक जाडीमापक मीटरने मोजून, ‘साहेब, हा राहू द्या, आणि उद्यापासून कोरडे फडके बंद करा,’ असे जो स्पष्ट सांगतो, त्याच्याच हाती गाडी द्यावी.