‘बदललेला आहे’ : जुन्या मोटारीचा टायमिंग पट्टा आणि एक क्रियारूप

जुनी मोटार विकत घेताना ‘टायमिंग बेल्ट बदललेला आहे’ हे वाक्य पुष्कळदा ऐकावयास मिळते. प्रस्तुत लेखकाने एक जुनी ह्युंदाई सँट्रो घेतली तेव्हा विक्रेत्याने हेच सांगितले. पावती मात्र नव्हती. व्याकरणदृष्ट्या पाहता ‘बदललेला आहे’ हे रूप क्रियेचा परिणाम तेवढा सांगते. क्रिया कोणी केली व केव्हा केली याविषयी ते मौन बाळगते. एरवी या मौनाने काही अडत नाही. या पट्ट्याच्या बाबतीत मात्र ‘केव्हा’ हाच खरा प्रश्न होय.

याचे कारण पट्ट्याच्या कार्यात आहे. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडणे-मिटणे या प्रमाणावर अवलंबून असते. हे प्रमाण राखण्याचे काम पूर्वी साखळीकडे किंवा दातेरी चक्रांकडे असे. १९६२ मध्ये जर्मनीतील ग्लास कंपनीने आपल्या १००४ या मोटारीत त्यासाठी दातेरी पट्टा योजिला. असा पट्टा हलका असतो व फारसा आवाज करीत नाही. परंतु त्यातील रबर उष्णतेने व वयाने कडक होते आणि दात्यांच्या मुळाशी भेगा पडतात. गाडी दारात उभी असली तरी हे चालूच राहते. म्हणून उत्पादक बहुधा किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मर्यादा देतात. जी आधी संपेल ती पाळावयाची. झिजलेली साखळी सहसा खडखडून कळविते. पट्टा पुष्कळदा काहीही न कळविता तुटतो. ज्या इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांची वाट एकच असते, तेथे व्हॉल्व्ह वाकतात व इंजिनाचे हेड उतरवावे लागते.

पावती नाही, तेव्हा पट्टा बदलला नाही असेच समजून आम्ही तो बदलविला. मिस्त्रींनी प्रथम दोन्ही चक्रांवरील खुणा जुळविल्या, मगच ताण सैल करून पट्टा काढला. ताण देणारी पुलीही नवी घातली, कारण तिचे बेअरिंग अडकले तर नवा पट्टाही जातो. (ज्या इंजिनात पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालतो, तेथे तोही त्याच वेळी पाहून घेणे इष्ट.) शेवटी, स्टार्टर न लावता, त्यांनी इंजिन पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात की नाही हे पाहिले. एका दात्याची चूकही येथेच उघडकीस येते. घाईत ही पायरी गाळणारे आढळतात.

काढलेल्या पट्ट्यावरील अक्षरे पुसली गेली होती व दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा होत्या. विक्रेता असत्य बोलला असे यावरून म्हणता येत नाही. पट्टा कधीतरी बदललेला असू शकेल. नव्या पट्ट्याच्या आवरणावर मिस्त्रींनी रंगाने दिनांक आणि किलोमीटरचा आकडा लिहिला. त्या नोंदीत क्रियापद नव्हते.