डेटाबेस प्रोटोकॉलच्या संदेश-नोंदींची सुबोध रचना : एक विवेचन

प्रस्तावना :
डेटाबेस वापरणारा क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात सतत संदेशांची देवाणघेवाण होत असते. तिची क्रमवार नोंद म्हणजे 'ट्रेस' होय. दोष नेमका कोणत्या बाजूला आहे, हे शोधण्याचे ते महत्त्वाचे साधन आहे. मात्र ती नोंद माणसाला वाचता आली पाहिजे. प्रस्तुत लेखात 'पोस्टग्रेस्क्यूएल' या प्रणालीच्या आधारे अशा नोंदींच्या रचनेचे विवेचन केले आहे.

दिशा आणि नाव :
या प्रणालीचा तिसरा प्रोटोकॉल २००३ मध्ये आला. त्यात आरंभीचा संदेश वगळता प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला प्रकार दर्शविणारे एक अक्षर व नंतर चार बाइटांत लांबी असते. 'डी' हे अक्षर सर्व्हरकडून आल्यास 'डेटारो', म्हणजे माहितीची ओळ. क्लायंटकडून गेल्यास 'डिस्क्राइब', म्हणजे वर्णनाची मागणी. केमसारख्या रेल्वे स्थानकावर गाडी अप की डाऊन हे न लिहिता केवळ वेळ नोंदवावी, तशी दिशेविना केलेली ही नोंद संदिग्ध ठरते. २०२१ मधील १४व्या आवृत्तीत 'पीक्यूट्रेस'ची नोंद संदेशागणिक एका ओळीत येऊ लागली : वेळ, दिशा, लांबी, नाव व आशय. चाचणीत दोन नोंदी ताडून पाहता याव्यात म्हणून वेळ वगळण्याचीही सोय आहे.

देवनागरी आशय :
'केम' या ग्रामनामात क, एकाराची मात्रा व म ही तीन चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे ९ बाइट होतात. हे एकच मूल्य असलेल्या ओळीची लांबी १९ भरते : लांबीचे ४, स्तंभसंख्येचे २, मूल्याच्या लांबीचे ४ व नावाचे ९. क्लायंटच्या प्रश्नातील 'केम' नोंदीत अक्षरांतच उमटते. सर्व्हरच्या उत्तरातील 'केम' मात्र सामान्यतः षोडशमान संकेतांत दिसते, कारण तेथे एकेक बाइट छापण्याजोगा आहे का, हे स्वतंत्रपणे तपासले जाते. परिणामी योग्य उत्तरही मराठी वाचकाला बिघडलेले भासू शकते. याउलट नाव अर्धवट तुटले असल्यास तेच संकेत तुटीची जागा दाखवितात.

निष्कर्ष :
सुबोधता म्हणजे तपशील लपविणे नव्हे. दिशा, नाव व लांबी प्रथम दिसावी आणि आशय अक्षरे व बाइट अशा दोन्ही रूपांत उपलब्ध असावा. तरच देवनागरी माहितीतील दोषाचे अचूक निदान शक्य होईल.