हिरडी आणि गालामागची पोकळी

आमच्या विचुंब्यांत काय किंवा पनवेलांत काय, चार वृद्ध माणसें एकत्र बसलीं म्हणजे गुडघ्यांच्या खालोखाल दांतांचा विषय निघतो. पूर्वीं दाढ गेली कीं कवळी, एवढाच उपाय ठाऊक होता. आतां जबड्याच्या हाडांत टिटॅनियम धातूचा स्क्रू रोवून त्यावर दांत बसवितात. स्वीडनचे ब्रॉनेमार्क यांनीं १९६५ सालीं असा पहिला रोगी हाताळला.

वरच्या दाढांची गोष्ट मात्र निराळी आहे. गालाच्या मागें, दाढांच्या मुळांवर, हवेची एक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. इंग्रज वैद्य हायमोर यांनीं १६५१ सालीं तिचें वर्णन केलें. दाढ काढल्यावर खालचें हाड झिजतें आणि ही पोकळीही खालीं उतरते. वर्षानुवर्षें जागा रिकामी राहिली तर कधीं चार-पांच मिलिमीटरच हाड उरतें. स्क्रू मात्र पुष्कळदां आठ ते दहा मिलिमीटर लांब असतो.

आपल्या घरांतील माळा डोळ्यांपुढें आणा. माळ्याच्या फळ्या म्हणजे हाड, आणि त्यांवर अंथरलेली पातळ चटई म्हणजे पोकळीचें अस्तर. हाड फार कमी असेल तेव्हां शल्यवैद्य ही चटई हलकेच उचलून तिच्याखालीं हाडाची भर घालतो. या कामांत अस्तर फाटणें हीच नेहमींची अडचण होय. आणि पातळ अस्तर लौकर फाटतें.

हें अस्तर बाहेरून दिसत नाहीं. हिरडी मात्र दिसते. दांत व हिरडी यांच्या फटींत बारीक सळई घातली असतां ती हिरडींतून आरपार दिसली, तर हिरडी पातळ. न दिसली, तर जाड. इटलींतील संशोधकांनीं २००८ सालीं असें दाखविलें कीं, जाड हिरडीच्या लोकांत अस्तराची जाडी सरासरी सव्वा मिलिमीटर, तर पातळ हिरडीच्या लोकांत सुमारें सहा दशांश मिलिमीटर भरली.

म्हणून हिरडी पाहून सर्व निदान झालें असें समजूं नये. धूम्रपान, जुनाट पडसें, किंवा किडलेली दाढ यांमुळेंही अस्तर सुजून जाड होतें. तें जाडपण बळकटीचें नव्हे, रोगाचें आहे. हिरडी ही खूण आहे, पुरावा नव्हे. पुरावा पाहिजे असेल तर सी. टी. यंत्रानें काढलेलें त्रिमित चित्रच पाहिलें पाहिजे.

तेव्हां स्क्रू बसविण्यापूर्वीं वैद्यांना तीन प्रश्न अवश्य विचारावे. माझी हिरडी पातळ आहे कीं जाड? वर हाड किती उरलें आहे? पोकळीचें त्रिमित चित्र पाहिलें काय? मशेरी, विडी आणि जुनें पडसें यांची माहिती आपण होऊन सांगावी. ती लपविल्यानें नुकसान वैद्याचें होत नाहीं, आपलेंच होतें. आणि दाढ पडली असेल तर दहा वर्षें वाट पाहूं नये. हाड आपली वाट पाहत नाहीं.