गार हवा कोणाला: माणसाला की इंजिनाला?

आजचा विषय मसल कार. पण सुरुवात आपल्या ठाण्यातूनच करू. गाडीत पाच माणसं, मुंब्रा बायपासचा चढ, आणि चालवणारा एसी बंद करतो. का? कारण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच जोरावर फिरतो. गारवा हवा, तर थोडी ताकद सोडावी लागते.

आता २०१८ची डॉज चॅलेंजर डेमन बघा. फक्त ३,३०० गाड्या: ३,००० अमेरिकेसाठी, ३०० कॅनडासाठी. रेसिंगचं पेट्रोल घातलं की ८४० हॉर्सपॉवर. वजन घटवायला कंपनीने ड्रायव्हरशेजारची आणि मागची, दोन्ही सीट काढूनच टाकल्या. शेजारची सीट एकटी साधारण २६ किलोची, बरं का! हवी असेल तर तेव्हा १ डॉलर मोजून ती बसवून घेता येत होती.

मग एसी का ठेवला? खरी गंमत इथे आहे. या गाडीचा सुपरचार्जर हवा दाबून इंजिनात भरतो. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत ऑक्सिजन कमी मावतो. म्हणून ड्रॅग मोडमध्ये एसीचा गारवा केबिनऐवजी ही हवा थंड करणाऱ्या कूलंटकडे वळवतात. माणूस घामाघूम, इंजिन गारेगार! एरवी तोच एसी माणसांचा.

म्हणजे समतोल साधायला प्रत्येक सोय अर्धी करावी लागत नाही. नुसतं वजन वाढवणारी सीट गेली, दोन्हीकडे कामाला येणारा एसी राहिला.

तुमच्या गाडीतली कोणती सोय अशी दुहेरी कामाची आहे? विचार करा. भेटू पुढच्या भागात!