कुलकर्ण्यांचे दप्तर आणि इंग्रज खेड्यातील कारभारी

जळगावास लागून असलेले पिंप्राळा आता शहरातच जमा झाले आहे. आषाढी एकादशीस रथ निघतो त्या दिवशी मात्र त्याचे जुने गावपण अजून डोळ्यांस दिसते. तेथील एका परिचित घरी आम्ही गेलो असता माळा झाडण्याचे काम चालले होते. अडगळीतून दोन रुमाल निघाले. आत मोडी कागद, कडा वाळवीने खाल्लेल्या. सूनबाईंनी विचारले, "नाना, हे रद्दीत घालू का?" नाना क्षणभर थांबून म्हणाले, "आपल्या कुलकर्णाचे दप्तर आहे ते. रद्दीत घालू नये. पण उघडूही नये."

उघडू का नये, हे नानांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. पण घरी परतताना तोच प्रश्न मनात घोळत राहिला.

गावचा पाटील हा गावाचा मुख्य खरा. त्याची निशाणी नांगर. पण गावाची स्मरणशक्ती होती ती कुलकर्ण्याच्या लेखणीत. कोणते शेत कोणाचे, पूर्वी कोण कसत होता, सारा किती, बाकी किती, गावाने कर्ज कोणाचे काढले, हे सर्व तोच लिहून ठेवी. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर एलफिन्स्टनने पुढील वर्षी जो अहवाल लिहिला, त्यात हे सर्व नमूद असून, गावकऱ्यांचे आपापसांतले करारमदार आणि खासगी पत्रेसुद्धा कुलकर्णीच लिहून देत असे, असेही सांगितले आहे. ज्या गावात चारच माणसांस अक्षरओळख, तेथे या माणसाच्या हाती केवढी सत्ता असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

इंग्लंडातही असाच एक लेखणीवाला होता. तेथील खेडे सरदाराच्या किंवा मठाच्या मालकीचे असे, आणि मालकाच्या वतीने गावाची कचेरी भरविणारा तो 'स्ट्यूअर्ड', म्हणजे आपल्या भाषेत कारभारी. कूळ मेले की वारसाचे नाव लावून घेणे, नजराणा ठरविणे, मृताच्या गोठ्यातील उत्तम जनावर मालकाकडे जमा करणे, बांध कोरणाऱ्यास दंड करणे, हे सर्व त्याच्यासमोर होई व चर्मपत्राच्या गुंडाळीवर लिहिले जाई. तेराव्या शतकापासूनच्या अशा गुंडाळ्या आज उपलब्ध आहेत. कुळाला त्या नोंदीची नक्कल मिळे, आणि तीच त्याच्या जमिनीचा दाखला. गावकऱ्यांपैकीच एक जण 'रीव्ह' म्हणून शेतकामावर देखरेख करी; त्यात आपल्या पाटलाची थोडी छाया दिसते.

मात्र एक भेद मोठा आहे. कारभारी हा मालकाचा नोकर. अनेकदा वकिली केलेला, पाच-सहा गावे सांभाळणारा, मर्जी गेली की दूर होणारा. कुलकर्णी वतनदार. त्याचे काम बापाकडून मुलाकडे येई, भाऊबंदांत तक्षिमा पडत, आणि पाळीप्रमाणे दप्तर या घरातून त्या घरात जाई. गावाचे कागद घरचे दागिने झाले ते येथेच. सरकार एका बाजूस, रयत दुसऱ्या बाजूस, आणि दोघांसही कागद दाखविणारा हा एकच!

त्यामुळे लेखणीवर राग होता, हेही खरे. इंग्लंडात १३८१ च्या बंडात शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी या गुंडाळ्याच जाळल्या. आपल्याकडे १८७५ साली सुप्यास सावकारांच्या रोख्यांची होळी झाली. सावकार आणि कुलकर्णी एक नव्हेत, पण कागदाची भीती एकच. खानदेशात १८५२ साली नवी मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा-फैजपूर भागात लोक बिथरले. तेथेही प्रश्न हाच होता की शेताचे माप कोणी लिहायचे. जोतीराव फुल्यांनी कुलकर्ण्यांवर जे आसूड ओढले, ते आपल्यासारख्या घरांनी बहुधा वाचलेच नाहीत. १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हाही आपल्या मंडळींनी आरडाओरडाच अधिक केला. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाडा' १९१५ सालीच लिहून गावकारभाराचे दोष दाखविले होते. ते तर आपल्यांतलेच. त्यांस कोणी परका म्हणू शकणार नाही.

आता दोन्ही देशांत या कागदांचे पुढे काय झाले ते पाहा. इंग्लंडात जुन्या पद्धतीच्या कुळवहिवाटीचा हक्क १९२६ च्या आरंभी संपला. कागद निरुपयोगी झाले असे कोणासही वाटले असते. पण १९२४ च्या कायद्यानेच ते सारे 'मास्टर ऑफ दि रोल्स' या मोठ्या न्यायाधीशाच्या देखरेखीखाली आणले व त्यांची नोंदवही ठेवली. १७३३ पर्यंत त्या गुंडाळ्या बहुतेक लॅटिनमध्ये आहेत. तरी वाचणारे निघाले, आणि एकेका खेड्याचा सहाशे वर्षांचा इतिहास त्यांतून उभा राहिला. आपल्याकडे मुंबई राज्यातील कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने १९५१ साली संपली. पुढची दप्तरे सरकारी चावडीत राहिली. घरोघरीचे जुने रुमाल मात्र तसेच माळ्यावर. राजवाडे गावोगाव पायी हिंडून असेच रुमाल सोडवीत. ते १९२६ साली धुळ्यास वारले व त्यांचा संग्रह तेथेच राजवाडे संशोधन मंडळाने जतन केला. पण एक राजवाडे किती माळे झाडणार?

महिन्याने आम्ही पुन्हा पिंप्राळ्यास गेलो. नानांच्या थोरल्या भगिनी माहेरपणास आल्या होत्या. वडिलांनी त्यांस लहानपणी मोडी शिकविली होती. ओसरीत पहिला रुमाल उघडा पडला होता. अक्का भिंग धरून वाचीत होत्या आणि सूनबाई देवनागरीत उतरून घेत होत्या. एका कागदावर अक्का अडखळल्या. एका विहिरीवरच्या शेताचे पूर्वीच्या कुळाचे नाव खोडून खाली दुसरे लिहिले होते. ते यांच्याच पूर्वजांचे. नोंदीखाली साक्ष कोणाचीच नाही. त्या थांबल्या व नानांकडे पाहू लागल्या.

"काय आहे ते वाचा, अक्का," नाना म्हणाले, "आणि सूनबाई, खोडलेले नावही उतरून घ्या."

दुसरा रुमाल अंगणात उन्हास घातला होता.